मजनूला नेमकं काय झालं होतं?

2024च्या ऑगस्टात 'लैला मजनू' पुन्हा थिएटरात लागला. 2018 साली साजिद अलींचा हा सिनेमा आला तेव्हा तो कधी आला नि कधी गेला ते आमच्या गावात कुणाला कळलंही नव्हतं. नंतर पोरांनी मोबाइलवर पाहून पाहून तो डोक्यावर घेतला. माझी मुलगी मनोविकारशास्त्रात एमडी करतेय. तिला रविवारची सुट्टी मिळाली आणि ती मला ओढतच घेऊन गेली.

सिनेमा काश्मीरमध्ये घडतो. दोन घराण्यांचं वैर, लैलाचं दुसऱ्याशी लग्न, कैसचं परदेशी जाणं आणि परत येणं, हे सगळं ओळखीचंच. पण उत्तरार्धात कैस बदलत जातो. लैला समोर नसताना तो तिला पाहतो, तिच्याशी बोलतो, हसतो. खाणंपिणं, कपडे, झोप, कशाचीच शुद्ध राहत नाही. माझ्या शेजारी बसलेली कॉलेजची पोरं डोळे पुसत होती. बाहेर चहा पिताना मुलगी म्हणाली, "अब्बा, याला लोक इश्क म्हणतात. माझ्या ओपीडीत हा आला असता तर मी आधी ॲडमिट केलं असतं."

मला राग आला. मजनूला ओपीडीच्या रांगेत बसवायचं म्हणजे काय? मी तिला चिडवायला विचारलं, "मग सांग, काय झालंय त्याला?" तिनं गंभीरपणे उत्तर दिलं. स्वतःवर कुणाचं तरी प्रेम आहे असा खोटा ठाम समज असतो तो विकार इथे नाही, कारण लैलाचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं. फ्रान्सच्या क्लेराँबो या डॉक्टरनं 1921 साली त्या विकाराचं वर्णन केलं, आणि आपल्याकडे 'एकतर्फी प्रेम' म्हणून जे छापून येतं त्यातल्या काही प्रकरणांत तो असतो. शोक लांबण्याचा विकार? अमेरिकन पुस्तकात तो 2022 साली आला, पण त्याला वर्ष उलटावं लागतं, आणि कैसची लैला तर त्या वेळी जिवंत आहे. राहिला स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्यातून आलेला सायकोसिस. "पण किती महिने चाललं, घरात आधी कुणाला होतं का, नशापाणी, हे विचारल्याशिवाय मी काही लिहिणार नाही," ती म्हणाली.

हा सावधपणा तिच्या धंद्याला ठेच लागून आलेला आहे. 1964 साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. एका मासिकानं बारा हजारांवर मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, हा माणूस या पदासाठी मानसिकदृष्ट्या लायक आहे का? 2,417 जणांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या 1,189 जणांनी, ज्याला कधी तपासलं नाही अशा माणसाला, नालायक ठरवलं. गोल्डवॉटर निवडणूक हरले पण मासिकाविरुद्धचा खटला जिंकले. 1973 साली अमेरिकन मनोविकार संघटनेनं नियमच केला की न तपासता कुणाचं जाहीर निदान करायचं नाही. सिनेमातली पात्रं खटला भरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर हा हात साफ करायला मोकळीक असते. 2011 साली फ्रान्सच्या काही डॉक्टरांनी 'स्टार वॉर्स'मधल्या ॲनाकिन स्कायवॉकरला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आहे असं एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. विद्यार्थ्यांना शिकवायला बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं.

मला राग आला त्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. आमच्या घरात एक मजनू होऊन गेला.

आमचे छोटे मामू. मी सहा-सात वर्षांचा असेन, म्हणजे 1978-79चा सुमार. ते तेव्हा बाविशीचे होते. मिरजेत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. हळूहळू कामावर जाणं बंद झालं. रात्री आढ्याकडे पाहून कुणाशी तरी बोलायचे, मध्येच हसायचे, जेवणात काही घातलंय म्हणून ताट सरकवायचे. ऋषी कपूरचा 'लैला मजनू' 1976 साली येऊन गेला होता आणि त्याची गाणी गल्लीत घरोघरी वाजत. त्यात मजनूला लोक दगड मारतात आणि लैला त्यांना मारू नका म्हणून विनवते, असं एक गाणं आहे. आमच्या गल्लीतली पोरं ते गाणं म्हणत म्हणत मामूंना खडे मारायची. त्या पोरांत मीही एकदा होतो.

मजनू हे नाव आहे असं आपल्याला वाटतं, पण ते नाव नाही. माणसाचं नाव कैस, बापाचं मुलव्वह, कबिला बनू आमिर, काळ उमय्या खलिफांचा. 'मजनून' म्हणजे ज्याच्यात जिन्न शिरला आहे तो. अरबीत जीम-नून-नून या धातूचा मूळ अर्थ झाकणं, लपवणं. डोळ्यांना न दिसणारा तो जिन्न, आईच्या पोटात लपलेलं ते जनीन, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, आणि ज्याची अक्कल झाकली गेली तो मजनून. म्हणजे हे टोपणनावच एक निदान आहे, सातव्या शतकातल्या वाळवंटानं केलेलं. मक्केचे विरोधक पैगंबरांना (स.) हाच शब्द फेकून मारत होते आणि कुरआनच्या 'अल-कलम' या सूरेत त्याचं स्पष्ट खंडन आहे. ज्याचं बोलणं ऐकायचं नाही त्याला वेडा ठरवून टाकायचं, ही रीत फार जुनी आहे.

कैस खरंच होऊन गेला का, यावरही जुन्या लोकांना शंका होती. दहाव्या शतकात अबुल फरज अल-इस्फहानीनं 'किताबुल अगानी' या प्रचंड ग्रंथात मजनूची सगळी ऐकीव माहिती गोळा केली. त्यात अशीही रिवायत आहे की मजनू नावाचा कुणी नव्हताच. उमय्या घराण्यातला एक तरुण स्वतःच्या चुलत बहिणीवर प्रेम करत होता, ते झाकायला त्यानं ही कहाणी आणि शेर रचून मजनूच्या नावावर खपवले. इस्फहानी एका बाजूला अशा रिवायती देतो आणि दुसऱ्या बाजूला पानंच्या पानं मजनूचे शेर उतरवून घेतो. पुढे 1188 साली गंजाच्या निजामीनं फारसीत महाकाव्य लिहिलं आणि त्यानंतर असण्या-नसण्याचा प्रश्न कुणी विचारला नाही. शतकभरानंतर दिल्लीत अमीर खुसरोनंही त्याच धर्तीवर लिहिलं. 1922 साली मूकपट, मग बोलपट, मग ऋषी कपूर, मग हा काश्मीरचा कैस. 2018च्या सिनेमात लैलाच्या नवऱ्याचं नाव इब्बन आहे. निजामीच्या काव्यात तो इब्न सलाम.

निजामीतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. कैसचा बाप त्याला हजला घेऊन जातो. काबागृहापाशी उभं करून सांगतो, बाळा, या दुखण्यातून सुटका माग. कैस काब्याची कडी धरतो आणि प्रेम आणखी वाढू दे असं मागतो. रसिक लोक या जागेला वाहवा करतात. मी बापाकडे पाहतो. एवढं अंतर तुडवून आला, पैसे खर्च केले, आणि पोरगा असं बोलतो. आमचे नाना मामूंना घेऊन किती दर्ग्यांवर गेले त्याची मोजदाद नाही.

या कहाण्या रचल्या जात होत्या त्याच काळात बुखारा-हमदानकडचा एक हकीम हे सगळं दवाखान्यातून पाहत होता. इब्न सीना, मृत्यू 1037. त्याच्या 'अल-कानून फित्तिब'च्या तिसऱ्या भागात डोक्याचे आजार आहेत. तिथे मालीखोलिया येतो, माणूस लांडग्यासारखा कबरस्तानात भटकतो तो 'कुतरुब' येतो, आणि त्यांच्याच रांगेत इश्क येतो. शायरीच्या प्रकरणात नव्हे, मेंदूच्या आजारांत. तो म्हणतो की हा वसवशासारखा, मालीखोलियाशी साम्य असलेला आजार आहे. माणूस एकाच रूपाचा विचार पुन्हा पुन्हा करून तो स्वतःवर ओढवून घेतो. लक्षणं बारकाईनं दिली आहेत: डोळे खोल गेलेले आणि कोरडे, पापण्यांची सतत हालचाल, काहीतरी सुंदर दिसत असल्यासारखं हसू, नाडी अनियमित. मुलीनं सिनेमा पाहून मला जी यादी सांगितली तिच्यात नि या यादीत हजार वर्षांचं अंतर आहे, आणि तरी अर्ध्याहून जास्त लक्षणं तीच.

तपासायची युक्तीही दिलेली आहे. रुग्णाची नाडी धरायची आणि एकेक नावं घेत जायचं. ज्या नावाला नाडी बदलेल ते नाव. बाराव्या शतकातल्या निजामी अरूजीनं 'चहार मकाला'त याची गोष्ट रंगवून सांगितली आहे (हा निजामी वेगळा, गंजाचा नव्हे). गुरगानच्या काबूस राजाचा एक तरुण नातेवाईक अंथरुणाला खिळला होता. इब्न सीनानं शहराची माहिती असलेला माणूस बोलावला आणि त्याला मोहल्ल्यांची नावं घ्यायला सांगितलं. एका मोहल्ल्याला नाडी दचकली. मग त्यातल्या गल्ल्या, मग गल्लीतली घरं, मग घरातल्या माणसांची नावं. रूमीच्या मसनवीतली पहिलीच गोष्ट, बादशहा आणि बांदीची, याच युक्तीवर उभी आहे. युक्ती इब्न सीनाची स्वतःची मात्र नव्हे. ग्रीक वैद्य एरासिस्ट्रेटसनं राजपुत्र अँटायोकसचं गुपित असंच ओळखल्याची गोष्ट त्याच्याही हजारेक वर्षं आधीची, आणि जालीनूसनंही एका बाईचं प्रेम नाडीवरून पकडल्याचं लिहून ठेवलंय. आपल्याकडे 'हे सगळं आपल्या लोकांनी शोधलं' अशी भाषणं ठोकणारे वाढलेत म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्या लोकांनी ग्रीकांकडून घेतलं, तपासलं, वाढवलं आणि पुढे दिलं. कैरवानच्या इसहाक इब्न इमराननं मालीखोलियावर लिहिलेला अरबी ग्रंथ अकराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला.

इलाजात इब्न सीना जे म्हणतो ते वाचून मी पहिल्यांदा हसलो आणि मग गप्प झालो. दुसरा काही उपाय चालत नसेल तर दीन आणि शरीयतला मंजूर होईल अशा रीतीनं दोघांना एकत्र आणा. असं केल्यावर खंगलेला रुग्ण थोडक्या दिवसांत बरा झालेला आपण पाहिलाय, असं तो सांगतो. ते शक्य नसेल तर अंगात ओलावा येईल असं खाणंपिणं, झोप, कामात गुंतवणं. आणि म्हाताऱ्या बायकांना बसवून त्या मुलीची नालस्ती करवून घेणं, हाही उपाय आहे. लैलाच्या बापानं 'कानून' वाचलं असतं तर निजामीला लिहायला काही उरलं नसतं.

याच्या शंभरेक वर्षं आधी, 934 साली वारलेल्या अबू जैद अल-बलखीनं शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. दुःख दोन प्रकारचं असतं असं तो सांगतो. एकाचं कारण माहीत असतं: कुणी गेलं, काही हरवलं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, ते शरीरातून, रक्तातून येतं आणि त्याला शरीराचाच इलाज लागतो. मुलीला हे दाखवलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचलं. मलाही तिथेच थांबायला झालं, कारण आमच्या गल्लीनं बरोबर इथेच चूक केली होती.

गल्लीला कारण हवं होतं. बाविशीचा पोरगा उगाच कसा बिघडेल? जिन्न नाहीतर पोरगी. नानी म्हणायची, "उसकू असर हुआ है." बाकीच्यांनी पोरगी शोधली. छापखान्याच्या वाटेवर एका शिंप्याचं घर होतं, त्याला एक मुलगी होती. मामू रोज तिच्या दारावरून जायचे, एवढा पुरावा पुरला. तिच्यासाठी हा येडा झाला, तिच्या बापानं नाही म्हटलं, तिनं चिठ्ठी परत पाठवली, असं एकेक जोडत दोन-तीन वर्षांत अख्खी दास्तान तयार झाली. लोक ती चवीनं सांगायचे. जिन्नापेक्षा ती ऐकायला गोड होती. त्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली, हे मात्र दास्तानीत कुणी सांगत नसे.

मामूंना एका दर्ग्यावर ठेवलं. नाव लिहीत नाही. तिथे लिंबाच्या झाडाला साखळी होती. मी नानीबरोबर डबा घेऊन जायचो. निजामीच्या काव्यात एक म्हातारी एका माणसाला साखळीनं बांधून दारोदार भीक मागत नेत असते, आणि मजनू तिला विनवतो की त्याच्या जागी मला बांध, म्हणजे लैलाच्या तंबूपर्यंत जाता येईल. कॉलेजात फारसीच्या सरांनी हा प्रसंग शिकवला तेव्हा वर्ग भारावला होता. मला मामूंच्या घोट्यावरचा चट्टा दिसत होता.

मुस्लिम इतिहासातल्या बिमारिस्तानांबद्दल आपण अभिमानानं लिहितो. मीही लिहिलंय. बगदादचं अजुदी, दमास्कसचं नूरी (1154), कैरोचं मन्सूरी (1284), एदिर्नेचं सुलतान बायझीदचं, जिथे पाण्याचा आवाज आणि साजिंदे हाही इलाज होता. वेड्यांसाठी वेगळा विभाग, मोफत जेवण, मोफत औषध, वक्फच्या उत्पन्नावर चालणारं. हे खरंच मोठं काम होतं. पण 1184च्या सुमारास इब्न जुबैर या अंदालुसी प्रवाशानं दमास्कसमध्ये हे सगळं पाहिलं तेव्हा त्यानं हेही लिहून ठेवलं की तिथले वेडे साखळ्यांनी बांधलेले असतात. एदिर्नेबद्दल लिहिणाऱ्या एवलिया चेलेबीच्या वर्णनातही साखळ्या आहेत. संगीत आठवायचं तर साखळीही आठवायला हवी. फरक एवढाच की तिथे साखळीच्या शेजारी हकीम होता, नाडी पाहणारा. लिंबाच्या झाडाखाली आमच्याकडे कुणी नव्हता.

तो शेवटी योगायोगानं मिळाला. बाजारात एक म्हातारे हकीम बसत. नाना त्यांच्याकडे स्वतःच्या खोकल्यासाठी गेले आणि बोलता बोलता पोराचं सांगून बसले. हकीमसाहेब दर्ग्यावर आले, मामूंची नाडी बराच वेळ धरून बसले, आणि म्हणाले, "जिन्न-विन्न कुछ नै. सौदा है. माझ्या हातचं नाही, मोठ्या दवाखान्यात न्या." सौदा म्हणजे काळं पित्त. ग्रीक 'मेलँखोली'चाही अर्थ तोच, आणि उर्दू शायर ज्याला सौदाई म्हणतात तो याच काळ्या पित्तानं पछाडलेला. काळं पित्त असं काही शरीरात नसतं हे आज शाळेतल्या पोराला माहीत आहे. पण त्या चुकीच्या शब्दानं आमच्या घरात जे झालं ते अकरा वर्षांत कुठल्या गंड्यानं झालं नव्हतं. नानांना कळलं की हा आजार आहे. आजार म्हणजे गुन्हा नाही, शाप नाही, आपल्या कुठल्या पापाची सजा नाही. शेवटी साखळी निघाली. 1990 साली मामूंना सरकारी मनोरुग्णालयात दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. पूर्ण बरे झाले असं नाही. हात थरथरायचे, जीभ जड झाली, खिळे पुन्हा जुळवता आले नाहीत. पण ताटावर बसायचे, नमाजला उभे राहायचे, आणि माझ्या लेकीला, जी आज डॉक्टर होतेय, त्यांनी मांडीवर खेळवलं.

ज्यांना असा हकीम भेटला नाही त्यांचं काय झालं ते देशानं पाहिलं. 6 ऑगस्ट 2001च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 95नं कुठल्याही मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी घातली. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर, जिथे आपल्या महाराष्ट्रातूनही कित्येक कुटुंबं जातात, 'दवा-दुआ' नावानं डॉक्टर आणि मुजावर एकत्र काम करतात. दुआ चालू ठेवा आणि गोळीही घ्या, असं तिथे सांगितलं जातं. ज्यांना हे इस्लामच्या विरुद्ध वाटतं त्यांनी ती प्रसिद्ध हदीस आठवावी: अल्लाहनं ज्याचा इलाज उतरवला नाही असा आजार उतरवलेला नाही. आणि फिकहमध्ये मजनूनवर नमाज-रोजाचा भार नाही, त्याच्या कृत्याचा हिशेब नाही. म्हणजे आपल्या फकिहांनाही तो रुग्ण आहे हे ठाऊक होतं.

सिनेमा पाहून घरी आल्यावर मी नानीची पेटी काढली. नानी जाऊन बरीच वर्षं झाली. पेटीत मामूंच्या दवाखान्याचं कार्ड आहे, पिवळं पडलेलं, तावीजाच्या कापडी पिशवीत जपून ठेवलेलं. निदानाच्या रकान्यात इंग्रजीत एक लांब शब्द. नानीला तो वाचता येत नव्हता, पण कुणी विचारलं की ती कार्डच पुढे करायची. मुलीनं ते उजेडात धरून वाचलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त अकरा वर्षं उशीर झाला."

मग तिनं विचारलं, "आणि ती मुलगी? शिंप्याची?"

मामू 2009 साली वारले. तिसऱ्या दिवशी बायकांत एक पन्नाशीची बाई आली होती, सांगलीहून. अम्मीनं ओळखलं. ती नानीजवळ बसली, थोडी रडली, चहा घेतला. जाताना दारात मी चपला पुढे केल्या तर थांबून म्हणाली, "लोगां क्या क्या बोले रे बाबा. मैं तो उनसे एक बार बी बात नै करी. उनकी शकल बी याद नै मेरेकू."